जपानी लोकगीत कुठलं, ते पेटीवर कसं ओळखावं

आमच्या डिचोलीचं लोखंड जपानला जातं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. वडील बार्जवर होते. मांडवीतून खनिज भरून मुरगावला न्यायचं, बंदरात उभ्या जहाजात ओतायचं आणि रिकामी बार्ज घेऊन परत यायचं. रात्री जेवताना "आज जपानी बोट लागलीय" असं ते आईला सांगत. त्या बोटीवरची माणसं काय गात असतील, हा प्रश्न मात्र मला पन्नाशी उलटल्यावर पडला. तोही भाच्यामुळं. भाचा तारवटी. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या ओतारू बंदरातून त्यानं एक सीडी आणली, वर सगळी चित्रलिपी. "मामा, तू पेटी वाजवतोस ना, बघ ह्यात कायतरी लागतं का."

बावीस गाणी होती. मला सगळी एकसारखी वाटली. कुणीतरी उंच आवाजात कळवळून गातंय, मागं सतारीपेक्षा कोरडं कायतरी टणटणतंय आणि मधूनच चारजण ओरडतायत. आता सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी देवळातलं भजन आटपलं की अर्धा तास हे ऐकतो. जपानी भाषा मला अजून येत नाही, चाळीसेक शब्द येतात. तरी दहातली सहा-सात गाणी कुठल्या मुलखातली ते सांगता येतं. ज्यांना सा-रे-ग-म कळतं आणि ज्यांच्या घरात पेटी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पेटी नसेल तर मोबाइलवरचा कीबोर्डही चालेल.

सुरुवात गाण्याच्या नावापासून करा. तिकडे लोकगीताला 'मिन्यो' म्हणतात, आणि मिन्योचं नाव बहुतेक वेळा दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा गावाचा, बेटाचा, डोंगराचा नाही तर गाण्यात सारख्या येणाऱ्या हाकेचा. दुसरा तुकडा जातीचा. 'बुशी' म्हणजे चाल. हाच शब्द बांबूच्या पेरालाही वापरतात. 'ओन्दो' म्हणजे एकानं सांगायचं, बाकीच्यांनी उचलायचं, आपल्या भजनासारखं. 'फुनाउता' नावाड्यांचं, 'मागोउता' घोडेवाल्यांचं, 'ताउए उता' भातलावणीचं, 'कोमोरिउता' मूल सांभाळणाऱ्या पोरीचं. म्हणजे 'मोगामिगावा फुनाउता' दिसलं की मोगामी नदीवरचं नावाड्यांचं गाणं, यामागाता प्रांतातलं. एवढ्यावर निम्मं काम होतं. हे आठ-दहा शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

मग अर्थाच्या मागं लागू नका. हात काय करतायत ते बघा.

होक्काइदोच्या पश्चिम किनाऱ्यावर, योइची आणि शाकोतानच्या बाजूला, वसंतात निशिन नावाची मासळी अंडी घालायला काठाशी यायची. आपल्याकडं तारल्यांचा थवा आल्यावर जी गडबड उडते तसंच, पण थंडी हाडं फोडणारी. लावलेल्या जाळ्यात मासा कोंडला की लांब दांड्याच्या मोठ्या झेल्यानं तो उपसून होडीत ओतायचा. हे काम तासन्‌तास चालायचं, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या आधी किंवा नंतर गेला की झेला तिरपा होऊन मासा परत पाण्यात. त्या उपसण्याचं गाणं म्हणजे 'सोरान बुशी'. त्यात 'सोरान, सोरान' ही हाक आणि 'दोक्कोइशो' हा जोर लावायचा शब्द कुठं पडतो ते बोटानं टेबलावर ठोकून बघा. झेला पाण्यात जातो, भरतो, उचलला जातो, उलटा होतो. गाण्याचं वजन तिथंच बसलंय. लहानपणी मी बहिणीच्या गावी रापण ओढायला हात लावायचो. दोरी अंगावर वळसा घालून मागं मागं जायचं, आणि म्हातारा रापणकार ओरडेल त्या ओरडीवरच टाच रुतवायची. ज्यानं ते केलंय त्याला सोरान बुशीचा ताल शिकवावा लागत नाही.

निशिनचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. तो मासा खाण्यापेक्षा खतासाठी जास्त जायचा. उकडून, पिळून त्याची पेंड करायची आणि ती दक्षिणेकडं कापसाच्या न्‌ निळीच्या शेतांत. 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथली मासळी जवळपास संपली. गाणं राहिलं. आज जपानभरच्या शाळांत पोरं त्यावर कवायतीसारखी नाचतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो झेला हातात धरलेला नाही.

हात बघण्याचा दुसरा धडा 'तान्को बुशी'. हे क्यूशू बेटावरचं, फुकुओका प्रांतातलं, कोळशाच्या खाणीचं गाणं. तागावा नावाच्या गावात खाणीवरच्या बाया कोळसा आणि दगड वेगळे करताना जे गात त्यातून ते आलं असं मानतात. गाण्यात चंद्र आहे आणि धुराडं आहे; धुराडं इतकं उंच की धुरानं चंद्राला त्रास होत असेल, अशी थट्टा. हे गाणं ऐकण्याआधी त्याचा नाच बघा, तो आता सगळ्या जपानात उन्हाळ्यातल्या 'बोन' या पितरांच्या सणाला गोल रिंगणात करतात. दोन्ही हातांनी खणायचं, पुन्हा खणायचं. मग खांद्यावर टाकायचं, दोनदा. मग कपाळावर हात धरून मागं वळून बघायचं. मग दोन पावलं गाडी ढकलायची. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आईला बोलावून दाखवला. तिला गाणं काय, कुठलं, काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "ह्ये खाणीवरचे दिसतात." आमच्याकडं यंत्रं यायच्या आधी बाया डोक्यावरच्या पाट्यांतून खनिज वाहत, तिनं ते डोळ्यांनी बघितलंय.

आता पेटी पुढ्यात घ्या.

फुमिओ कोइझुमी (1927–1983) नावाचे जपानी संगीत-अभ्यासक होते. ते भारतात येऊनही संगीत शिकून गेले होते. त्यांनी जपानी गाण्यांतल्या पाच सुरांच्या पट्ट्या चार प्रकारांत बसवल्या. पुस्तकात वाचल्या तर डोकं उठतं. पेटीवर पाच मिनिटांत कळतात, कारण चारही आपल्या ओळखीच्या आहेत.

काळी दोन सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी झाला. हीच 'मिन्यो' पट्टी. कष्टाची, शेताची, समुद्राची पुष्कळ गाणी हिच्यात आहेत. सोरान बुशी इथंच सापडेल. आता काळी एक सा धरा आणि पुन्हा फक्त काळ्याच वाजवा. सा, रे, म, प, ध. दुर्गा. ही 'रित्सु' पट्टी, हिचं मूळ घर दरबाराचं, जुन्या राजसंगीताचं.

तिसरीसाठी पांढरी तीन सा धरा. तिच्यापासून पांढऱ्यांवरच जायचं, पण तिसरा आणि सातवा सूर गाळायचा. सा, कोमल रे, म, प, कोमल ध. आपला गुणक्री. हिला 'मियाको-बुशी' म्हणतात, म्हणजे राजधानीची चाल. शहरातल्या कोतो आणि शामिसेन या तारवाद्यांच्या बैठकींत ही वाढली. ज्यांना 'साकुरा साकुरा' माहीत आहे त्यांनी ते या पट्ट्यांवर वाजवून बघावं, आपोआप लागतं. म्हणून त्या गाण्याला मी खेड्यातलं गाणं म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर भांडायलाही जाणार नाही.

चौथी ओकिनावाची. पांढरी एक सा, रे आणि ध सोडून बाकी सगळे शुद्ध: सा, ग, म, प, नी. तिलंगाचा आरोह. ही कानाला एकदम वेगळी, उन्हातली वाटते. ही पट्टी लागली की गाणं दक्षिणेच्या टोकाकडचं समजायला हरकत नाही. चारांतली सगळ्यात भरवशाची खूण हीच. बाकीच्या तिन्ही एकमेकींत मिसळतात, एकच गाणं दोन गावांत दोन पट्ट्यांत गातात, तेव्हा नुसत्या सुरांवर प्रांत ठरवायला गेलात तर फसाल. मी फसलोय.

तालाचं वेगळं. कोइझुमींनीच मिन्योची दोन घराणी सांगितली आहेत. एक ठेक्यातलं, टाळ्या वाजवता येतील असं. दुसरं बिनठेक्याचं, ओइवाके पद्धतीचं. त्यात स्वर ताणायचा, त्यावर मुरक्या घ्यायच्या आणि दम संपला की थांबायचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी मोठ्या उत्साहानं आमच्या पखवाजवाल्या काकांना 'एसाशी ओइवाके' ऐकवलं आणि म्हटलं, ठेका धरा. काकांनी तीनदा हात उचलला, तीनदा खाली ठेवला.

"सम खंय आसा रे ह्याची?"

"असेल काका, येईल."

"येईल म्हणजे? रेल्वे आहे काय?"

त्यांनी पखवाज खोळीत घातला आणि उठून चहा प्यायला गेले. त्या गाण्याला सम नाहीच. ते सात तुकड्यांत गातात, प्रत्येक तुकडा एका दमात, सात दमांत गाणं पुरं. सोबतीला शाकुहाची, म्हणजे बांबूची उभी बासरी, गायकाच्या मागं मागं सावलीसारखी. आणि दम तुटतो तिथं दुसरा माणूस 'सोइ' अशी हाक देतो. तेव्हा ओइवाके ऐकताना ताल मोजू नका, दम मोजा. आपणही श्वास रोखून बघा, कुठल्या तुकड्याला आपली छाती हार मानते ते. माझी दुसऱ्यालाच.

याच गाण्यावरून मला कळलं की 'हे गाणं कुठलं' हा प्रश्न अर्धाच आहे. एसाशी हे होक्काइदोचं बंदर. पण ओइवाके म्हणजे रस्ता फुटतो ती जागा, आणि त्या नावाचं मुक्कामाचं गाव दूर मुख्य बेटावर, डोंगरात, आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. तिथले घोडेवाले ओझ्याची जनावरं हाकताना जे गात, ते त्याच बेटाच्या पश्चिम अंगाला एचिगोच्या किनाऱ्यावर उतरलं, तिथून खलाशांच्या तोंडी बसून उत्तरेला गेलं. बिनठेक्याचं का, तेही मग उमगतं. घोड्यापाठीमागं एकटं चालणाऱ्याला कुणाशी हात जुळवायचा नसतो. आज एसाशीला दर सप्टेंबरात या एकाच गाण्याची देशपातळीची स्पर्धा भरते, 1963पासून.

ही गाणी वाहून नेणारी जहाजं म्हणजे 'कितामाए-बुने'. ओसाका ते होक्काइदो, जपानच्या पश्चिम अंगानं, बंदर बंदर करत. जाताना तांदूळ, मीठ, येताना निशिनची पेंड आणि समुद्री शेवाळ. म्हणजे वर सांगितलेलं खत ज्या फळीखाली भरलेलं असायचं, त्याच फळीवर बसून गाणीही फिरली. क्यूशूच्या आमाकुसा बेटांवरच्या उशिबुका बंदरातलं 'हाइया बुशी' घ्या. 'हाए' म्हणजे तिथल्या बोलीत दक्षिणेचा वारा; वाऱ्याची वाट बघत बसलेल्या खलाशांचं हे बैठकीचं, दारूचं गाणं. तेच सादो बेटावर गेलं आणि 'सादो ओकेसा' झालं, मंद आणि जरा उदास. आणखी वर त्सुगारूत गेलं आणि 'आइया बुशी' झालं. तिथं 'ह'च गळाला. हे तिन्ही एकापाठोपाठ लावून ऐका, नकाशा उघडा ठेवून. पहिल्या खेपेला नातं कळणार नाही. चौथ्या-पाचव्याला एखादी वळणाची जागा पकडीत येते आणि मग सुटत नाही.

अक्षरं मोजायची सवय असेल तर आणखी एक किल्ली आहे. आपला मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार. मिन्योच्या खूपशा ओळी सात-सात-सात-पाच. तीन सारखे चरण आणि चौथा तोकडा. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप नव्हती. मोजताना एक काळजी घ्या: लांबवलेला स्वर दोन धरायचा आणि शेवटचा 'न' वेगळा. 'सोरान' दिसायला दोन अक्षरं, पण त्यांच्या हिशेबात चार: सो-ओ-रा-न. सरावाला कुसात्सुच्या गरम झऱ्यांचं गाणं बरं. ते गुन्मा प्रांतातलं. पाणी इतकं कढत की लांब फळ्यांनी ढवळून निववावं लागतं, आणि ढवळताना गातात. पहिलाच चरण मोजा: कु-सा-त्सु-यो-इ-तो-को. सात. मधे येणाऱ्या हाका मात्र मोजायच्या नाहीत, जसे आपण 'विठ्ठल विठ्ठल'चे पालुपद मोजत नाही.

एक सावधगिरी. जुनं वाटणारं सगळं जुनं नसतं. गावातल्या एका कार्यक्रमात मी चहाच्या मळ्याचं 'चाक्किरी बुशी' पेटीवर वाजवलं आणि वर छातीठोक सांगितलं की हे शिझुओकाच्या मळ्यांतून शेकडो वर्षं चालत आलेलं गाणं. टाळ्या मिळाल्या. नंतर वाचलं ते असं: 1927 साली एका रेल्वे कंपनीला तिच्या करमणूक-बागेची जाहिरात हवी होती, तिनं कवी हाकुशू किताहारा यांच्याकडून शब्द आणि काशो माचिदा यांच्याकडून चाल करून घेतली. 'चाक्किरी' हा चहा छाटायच्या कात्रीचा आवाज, तेवढा मळ्याचा. गंमत म्हणजे हेच माचिदा पुढं गावोगावची खरी जुनी मिन्यो गोळा करणारे मोठे संग्राहक. तेव्हा कुठल्याही गाण्याबद्दल बोलण्याआधी त्याला कवी आणि साल आहे का ते बघा. असलं तर ते गाणं वाईट ठरत नाही, पण 'पूर्वापार' हा शब्द गिळून टाकावा.

ध्वनिमुद्रण निवडताना नावापुढं 'होझोनकाई' आहे का पाहा. ही त्या त्या गावातली गाणं जपणारी मंडळी. 'सेइचो' म्हणजे तिथं मान्य असलेली मूळ चाल. शहरातल्या नामवंत गायकाची फीत त्यानंतर ऐका, आधी नको. गाण्याचं नाव जपानी लिपीतून उचलून शोधपट्टीत टाका. आपल्या स्पेलिंगनं शोधलं तर अर्धी गाणी दिसतच नाहीत.

अंगाईगीतांबद्दल माझा मोठा गैरसमज होता. कुमामोतोच्या डोंगरातल्या इत्सुकी गावाची अंगाई मी नातवाला झोपवायला लावायचो. तीनच्या वजनात आहे, आपल्या दादऱ्यात बसते. मग अर्थ वाचला. गरिबाघरची पोर दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला ठेवलेली. ती म्हणते, मी बोनच्या सणापर्यंतच इथं आहे, सण सरला की मी नाही. सण लवकर आला तर लवकर घरी जाईन. यात बाळाचं कौतुक नाही. हे जात्यावरच्या ओवीच्या जातीचं, सासरचं दुःख दगडाला सांगणाऱ्या बाईचं. अजूनही ऐकतो, पण नातवाला झोपवायला नाही.

ओकिनावा शेवटी ठेवलं, कारण तो मुलूख 1879पर्यंत वेगळं राज्य होता आणि तिथलं सगळंच निराळं. त्यांचं सान्शिन तीन तारांचं आणि त्याला अजगराचं कातडं. घुमट या आमच्या मातीच्या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे हे ज्या गोंयकाराला ठाऊक आहे, त्याला त्या टणत्काराचं नवल वाटणार नाही. तिथलं एक गाणं पेटीवर बसवायला सोपं: 'तिन्सागु नु हाना'. तिन्सागु म्हणजे तेरडा. तेरड्याच्या फुलानं नखं रंगव, आणि आईबापांच्या शब्दानं मन रंगव, असं पहिलं कडवं. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "आम्ही पण रंगवायचो," म्हणाली, "पण तेरड्याचा रंग तीन दिवस. त्यांचा तेरडा वेगळा असेल." तेरडा तोच. त्यांनी त्यातून शिकवण घेतली, आपण म्हण केली.

पांढरी एक सा धरून हे गाणं मी बसवलंय. श्रावणात परड्यातला तेरडा फुलला की भजनाआधी वाजवायचं ठरवलं आहे. अडचण एवढीच की पेटीची पांढरी सात, म्हणजे नेमका त्या गाण्याचा शुद्ध नी, पावसाच्या दमटीनं दाबली की वर येत नाही. पणजीच्या दुरुस्तीवाल्याकडं न्यायला हवी.